सतरा वस्तूंची यादी आणि पाव मात्रेचा उशीर

तिनं पुढं केलेली यादी चक्क छापलेली होती. घरच्या घरी गाणी बनवायला लागणाऱ्या सतरा वस्तू, प्रत्येकीसमोर मॉडेल, त्याला दोन पर्याय आणि शेवटच्या रकान्यात लाल किंवा हिरवा ठिपका. आठ महिने ही यादी तयार होत होती. त्या आठ महिन्यांत पूर्ण झालेली गाणी शून्य.

ती माझ्या मित्राची धाकटी बहीण. नोकरी करते, गिटार बऱ्यापैकी वाजवते, गळा चांगला आहे आणि फोनमध्ये चाळीसेक चालींचे तुकडे पडून आहेत. मी मिक्सिंगची, म्हणजे वेगवेगळे ट्रॅक जुळवून गाणं पक्कं करायची, कामं करतो म्हणून मित्रानं तिला माझ्याकडे धाडलं. "दादा, एवढं बघून सांग, यातलं काय घेऊ आणि काय नको," एवढंच तिचं म्हणणं होतं. पुढच्या सहा महिन्यांत काय झालं ते इथं लिहून ठेवतोय. घरच्या खोलीत पहिल्यांदाच गाणं बनवायला बसलेल्या माणसाची गाडी बहुतेक वेळा याच जागी रुतते. शिवाय या प्रकरणात एक चूक माझी आहे, आणि ती लपवली तर बाकीच्या लिहिण्याला काही अर्थ उरत नाही.

यादी वाचल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती ही की तिच्यात चुकीचं असं फारसं काही नव्हतं. पाच इंची मॉनिटर स्पीकरची जोडी, शुअर एसएम७बी माइक, त्याला जोडायचा बूस्टर, आठ इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक-वाद्यं संगणकाला जोडणारं यंत्र), ६१ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड, पॅड कंट्रोलर, भिंतीला लावायचा फोम, प्लगइनचा, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायच्या जादा साधनांचा, मोठा संच, रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरची सगळ्यात वरची आवृत्ती, नवा लॅपटॉप. यातली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी स्टुडिओत शोभली असती. मी विचारलं, "यातली कुठली वस्तू नसल्यामुळे तुझं कालचं गाणं अडलं?" ती गप्प बसली. मग म्हणाली, "काल मी गायलेच नाही."

हातात काय होतं

खरेदी अगदीच झालेली नव्हती असंही नाही. घरी एक यूएसबी कंडेन्सर माइक होता, ब्लूटूथ हेडफोन होते आणि ८ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप होता. कुणीतरी दिलेला फुकटच्या प्लगइनचा गठ्ठाही होता. हे "फुकट" म्हणजे कुलूप तोडलेलं फुकट. तो मी पहिल्याच दिवशी काढून टाकायला लावला. नीतीचा मुद्दा आहेच, पण त्या क्षणी जास्त टोचत होतं ते हे की प्रोजेक्ट उघडताना सॉफ्टवेअर दर तीन वेळांत एकदा कोसळत होतं आणि ते का कोसळतं हे सांगायला कुणी बांधील नव्हतं. नवशिक्याला दोष कुठं आहे ते कळत नसतं. तिथं दोष मुद्दाम आणून ठेवायचा कशाला?

एक प्रोजेक्ट तर कायमचा अडकलेला निघाला. कुठल्याशा सॉफ्टवेअरच्या चाचणी आवृत्तीत तिनं दोन आठवडे खपून एक मुखडा रचला होता. त्या आवृत्तीत प्रोजेक्ट सेव्ह होत असे, पण बंद केलेला प्रोजेक्ट पुन्हा उघडायचा तर परवाना लागे. ही अट तिथं लिहिलेली होती. तिनं वाचली नव्हती. सुदैवानं आवाजाचा एक ट्रॅक वेव्ह फाइल म्हणून फोल्डरमध्ये सापडला. त्या दिवसापासून एक सवय लावली: उठण्यापूर्वी प्रत्येक ट्रॅक पहिल्या ठोक्यापासून वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवायचा. सॉफ्टवेअर बदललं, लॅपटॉप बदलला, तरी वेव्ह फाइल कुठंही उघडते.

मग मी तिला गायला सांगितलं. तिनं माइक टेबलावर उभा केला आणि त्याच्या टोकात गाऊ लागली, मंचावरच्या माइकमध्ये गातात तशी. मला हसू आवरेना. तो माइक बाजूनं ऐकणारा होता. मोठ्या पडद्याचे कंडेन्सर माइक बहुतेक असेच असतात: पडदा जाळीच्या आत उभा असतो, तोंड त्याच्या सपाट बाजूकडं हवं, जिथं सहसा कंपनीचं चिन्ह असतं तिकडं. टोकात गायलं की आवाज कडेनं शिरतो, पातळ आणि लांबचा येतो. यादीतल्या चौथ्या क्रमांकावर एसएम७बी का आला होता ते आता उलगडलं. "माझ्या माइकचा आवाज डब्यातून आल्यासारखा येतो" म्हणून. माइक नव्वद अंशांत फिरवला, डबा गेला.

एसएम७बीबद्दल एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. माइक उत्तमच आहे, पण त्याचा सिग्नल फार मंद. किमान ६० डेसिबल गेन (आवाजाची वाढ) देणारा प्रीअँप लावा, असं शुअर स्वतःच सांगते. सुरुवातीच्या पातळीवरच्या अनेक इंटरफेसना तेवढा स्वच्छ गेन देताना धाप लागते, म्हणून लोक मग बूस्टर घेतात. म्हणजे यादीतली पाचवी वस्तू ही चौथ्या वस्तूनं निर्माण केलेल्या अडचणीचा इलाज होती. अशा जोड्या त्या यादीत आणखी दोन सापडल्या.

पाव मात्रा

मात्र खरा घोटाळा वेगळाच होता आणि तो यादीत कुठंच नव्हता. कारण तिच्या मते तो वस्तूंचा दोष नव्हताच, तिचा स्वतःचा होता. "दादा, माझी लय कच्ची आहे. क्लिकवर, म्हणजे लयीच्या ठोक्यावर, गाते, पण रेकॉर्डिंग ऐकलं की दर वेळी मागे पडलेली असते. मग मी तुकडे पुढे सरकवत बसते." दोन महिने ती रोज अर्धा तास मेट्रोनोमवर टाळ्या वाजवत होती, लय सुधारावी म्हणून.

मी तिच्या टाळ्या ऐकल्या. लय पक्की होती. संशय कुठं घ्यायचा ते मग सोपं झालं.

ही चाचणी कुणालाही करता येते, म्हणून सविस्तर लिहितो. सॉफ्टवेअरमध्ये एका ट्रॅकवर क्लिकचा आवाज ठेवला. ब्लूटूथ हेडफोनची एक वाटी माइकच्या जाळीला चिकटवली. दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्डिंग लावलं आणि क्लिक वाजवला. म्हणजे हेडफोनमधून निघालेला क्लिक माइकनं ऐकला आणि परत सॉफ्टवेअरमध्ये आला. आता दोन्ही ट्रॅक मोठे करून पाहिले: मूळ क्लिक रेषेवर, परत आलेला क्लिक जवळपास १६० मिलिसेकंद मागे.

तिच्या गाण्याची लय मिनिटाला ९६ मात्रांची होती. म्हणजे एक मात्रा ६२५ मिलिसेकंदांची, आणि पाव मात्रा १५६ मिलिसेकंदांची. क्लिक तिच्या कानात पाव मात्रा उशिरा पोचत होता आणि ती इमानेइतबारे त्या उशिरा आलेल्या क्लिकवर बरोबर गात होती. जितकी लय पक्की, तितकं रेकॉर्डिंग नेमकं पाव मात्रा मागे. कच्च्या लयीची गायिका असती तर कधी मागे, कधी पुढे गेली असती आणि हा दोष कदाचित कधी सापडलाच नसता.

ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबला जातो, पाठवला जातो, पलीकडं उलगडला जातो आणि तुटू नये म्हणून थोडा साठवूनही ठेवला जातो. गाणी ऐकायला हे सगळं चालतं. व्हिडिओ पाहतानाही चालतं, कारण चित्रच थोडं थांबवून आवाजाशी जुळवता येतं. गाणाऱ्या माणसाला मात्र थांबवता येत नाही.

उपाय पैशाविना झाला. त्या यूएसबी माइकच्या बुडाशी हेडफोनचं भोक होतं. आठ महिन्यांत तिनं ते पाहिलं नव्हतं. फोनसोबत आलेले तारेचे साधे इअरफोन तिथं लावले, सॉफ्टवेअरमध्ये आत येणारा आणि बाहेर जाणारा आवाज त्याच माइकवर ठेवला, ड्रायव्हर असिओचा निवडला. पुन्हा चाचणी घेतली तेव्हा फरक १० मिलिसेकंदांच्या आत आला होता.

असिओबद्दल दोन वाक्यं. संगीताच्या सॉफ्टवेअरला विंडोजच्या नेहमीच्या आवाजयंत्रणेला वळसा घालून थेट यंत्राशी बोलता यावं म्हणून स्टाइनबर्ग कंपनीनं १९९७ साली ही पद्धत आणली. तिची एक मर्यादा: साधारणपणे एका वेळी एकच यंत्र निवडता येतं. दोन यूएसबी माइक लावून दोन ट्रॅक करण्याचा बेत इथंच फसतो.

बफरचंही कोडं तेव्हाच सुटलं. संगणक आवाज थेंब-थेंब घेत नाही, तांब्या भरून घेतो; हा तांब्या म्हणजे बफर. आवाजाच्या १०२४ नमुन्यांचा तांब्या सेकंदाला ४४,१०० नमुने या नमुनादरानं भरायला २३ मिलिसेकंद लागतात. आत येताना एक तांब्या, बाहेर जाताना एक, म्हणजे ४६ मिलिसेकंद तिथंच गेले. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. त्या हिशेबानं सोळा मीटरवर ठेवलेल्या स्पीकरमधून स्वतःला ऐकत गाण्यासारखं हे. १२८ चा बफर ठेवला तर हाच आकडा सहाच्या आत येतो, पण प्रोसेसरची दमछाक वाढते आणि कडकड ऐकू येते. म्हणून रेकॉर्डिंगला बफर लहान आणि मिक्सिंगला मोठा. नवा लॅपटॉप यादीत आला होता तो या कडकडीमुळेच. जुन्यात हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, चार्जर लावूनच काम करायचं ठरवलं, जड वाद्यांचे ट्रॅक फ्रीझ करायला, म्हणजे तयार आवाजात गोठवून ठेवायला, शिकवलं. लॅपटॉप अजून तोच आहे.

नवा क्लिक, नवा टेक. तिनं रेकॉर्डिंग ऐकलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे ते दोन महिने..." मी म्हटलं, "टाळ्या वाया जात नाहीत गं." पण मला वाईट वाटलं हे खरं.

खोली

दुसऱ्या भेटीचा विषय होता आवाजातला घुमारा. यादीत याला उत्तर होतं भिंतीभर पातळ फोम. पातळ फोम टाळीचा वरचा चटका कमी करतो, खालच्या सुरांना हातही लावत नाही. १०० हर्ट्झच्या सुराची लांबी जवळपास साडेतीन मीटर; दोन-तीन सेंटिमीटरचा फोम तिच्यापुढं काय करणार? निकाल असा लागतो की खोलीतली चमक जाते आणि घूं मात्र राहते.

आम्ही अंतरावर काम केलं. ती माइकपासून हातभर लांब गात होती. अंतर निम्मं केलं की थेट आवाज सहा डेसिबलनं वाढतो आणि खोलीचा घुमारा होता तेवढाच राहतो. तिला वीतभर अंतरावर आणलं, मध्ये प, ब चे फटके अडवणारा पॉप फिल्टर. जवळ गेल्यावर या प्रकारच्या माइकमध्ये खर्ज फुगतो, तो नंतर थोडा कापला. "डायनॅमिक माइक खोली ऐकत नाही" असं एसएम७बीसारख्या माइकांबद्दल जे ऐकू येतं, त्यात बराचसा वाटा याच अंतराचा असतो. डायनॅमिक माइकच्या अगदी तोंडाशी जाऊन गायची रीत पडलेली आहे, म्हणून खोली ऐकू येत नाही.

दुसरी गोष्ट, जाड गादी कुठं लावायची. तिनं ती माइकच्या मागं लावली होती. कार्डिऑइड माइक पाठीमागं जवळजवळ बहिरा असतो. तो समोर ऐकतो, म्हणजे गाणारीला आणि तिच्या पाठीमागच्या भिंतीला. गादी तिच्या पाठीशी हवी. कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट उघडून त्याला पाठ करून उभी राहिली, काम भागलं. फोमवर लाल ठिपका पडला.

मॉनिटर स्पीकरवरून मात्र आमचं वाजलं. तिला ते हवेच होते, आणि मिक्सिंगवाला माणूस "स्पीकर घेऊ नको" म्हणतो हे तिला ढोंग वाटलं. माझ्याकडे स्वतःचे आहेतच! मग टेप काढून खोली मोजली. रुंदी ३ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या सर्वांत खालच्या सुराची लाट नेमकी बसते तो काढायचा तर ३४३ ला रुंदीच्या दुपटीनं भागायचं: ५७ हर्ट्झ. तिच्या गाण्यातला बेस ५५ हर्ट्झच्या आसपास फिरत होता. अशा खोलीत भिंतीशी बसलं की तो सूर ढोलासारखा फुगतो, रुंदीच्या बरोबर मध्ये बसलं की गायब होतो. मग ऐकलेल्यावर विश्वास ठेवून ती जो बेस वाढवणार किंवा कापणार, तो खोलीचा असणार, गाण्याचा नव्हे.

त्याऐवजी तारेचे, कान झाकणारे बंद हेडफोन घेतले. गाताना क्लिक माइकमध्ये झिरपू नये म्हणून बंद. उघड्या पाठीचे हेडफोन मिक्सिंगला जास्त मोकळे वाटतात, पण एकच जोडी घ्यायची तर बंदच बरे. मॉडेलपेक्षा मी तिला एक काम दिलं: ज्या दहा गाण्यांचा प्रत्येक कोपरा तुला पाठ आहे, ती यांवर रोज ऐक. १९७८ साली यामाहानं एनएस-१० नावाचे घरगुती स्पीकर काढले. ऐकायला ते काही फार गोड नव्हते. तरी पुढं जगभरच्या स्टुडिओंत ते मिक्सिंग टेबलावर जाऊन बसले, कारण इंजिनिअरांची त्यांच्याशी ओळख झाली होती: त्यांवर असं वाजलं की बाहेर कसं वाजेल, हे ठाऊक होतं.

सॉफ्टवेअरची घराणी

आता माझी चूक.

सॉफ्टवेअरचा प्रश्न तिनं सगळ्यात जास्त चघळला होता. कुठल्या सॉफ्टवेअरचा "आवाज" चांगला, यावर तिच्याकडे वहीभर नोंदी होत्या. हा वाद दहा मिनिटांत मिटवता येतो. त्याच चार वेव्ह फाइली दोन सॉफ्टवेअरांत तंतोतंत सारख्या पातळीवर ठेवल्या, पॅन (डाव्या-उजव्या बाजूचा तोल) मध्यावर, एकही प्लगइन नाही, आणि दोन्हीतून मिक्स काढलं. मग एकाची फेज उलटवून, म्हणजे त्याची लाट वरची खाली करून, दोन्ही एकत्र वाजवली. दोन्ही सारखी असतील तर एकमेकांना खाऊन टाकतील. वाजली ती शांतता. पॅनचे नियम सॉफ्टवेअरागणिक थोडे वेगळे असतात, तेवढं सांभाळलं की बेरीज ती बेरीजच. नमुनादराचंही तेच. तिला १९२ किलोहर्ट्झ हवा होता. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. तेवढं टिपायला ४८ पुरतो आणि १९२ ला फाइल चौपट होते. त्यापेक्षा २४ बिटवर ठेव आणि सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील एवढाच गेन दे, म्हटलं.

इथवर मी बरोबर होतो. पुढं घसरलो. "आवाज सगळ्यांचा सारखाच, मग कुठलंही घे" असं म्हणून मी तिला रीपर दिलं, कारण मी रीपर वापरतो. हलकं आहे, जुन्या लॅपटॉपवर पळतं, ६० दिवस सगळ्या सोयींसह वापरून बघता येतं. आणि अडलं तर मला विचारता येईल.

पाच आठवड्यांनी तिच्या फोल्डरमध्ये अकरा प्रोजेक्ट होते. एकही चाळीस सेकंदांच्या पुढं गेला नव्हता. मी मनात म्हटलं, आळशी आहे. तसं बोललो नाही, पण चेहऱ्यावर दिसलं असावं.

मग एका संध्याकाळी ती कशी काम करते ते नुसतं बसून पाहिलं. तिनं फोनवर चार मात्रांची गिटार वाजवली आणि ती फिरत ठेवली. तिच्यावर टेबल वाजवून ठेका धरला. मग त्यावर शब्दांशिवाय गुणगुणत राहिली: दहा वेळा, वीस वेळा. एक तुकडा जमला की तो ठेवायचा, पुढचा शोधायचा. मुखडा आधी की अंतरा, तिला ठाऊकच नसतं. ती तुकड्यांचा ढीग करते आणि मग त्यातून गाणं निवडते. मी मात्र तिच्यापुढं डावीकडून उजवीकडं जाणारा लांबच लांब पट्टा ठेवला होता आणि पहिल्या सेकंदापासून भरत जायला सांगितलं होतं. रीपरमध्ये तुकडे फिरवता येत नाहीत असं मुळीच नाही. पण ते सॉफ्टवेअर उघडल्यावर हात आपोआप काय करू लागतात, ते वेगळं.

सॉफ्टवेअरांची घराणी असतात हे मला वीस वर्षं वापरूनही नीट उमगलं नव्हतं. १९९१ ला आलेलं प्रो टूल्स टेप मशिनच्या वंशातलं: आधी गाणं तयार, मग रेकॉर्डिंग, मग कापाकापी. रीपरचा पिंड त्याच्या जवळचा. क्यूबेस १९८९ ला अटारी संगणकावर जन्मलं, मिडीचे सूर कागदासारखे मांडायला. एफएल स्टुडिओ मूळचं फ्रूटीलूप्स. ते ड्रम मशिनच्या चौकोनांतून वाढलं, म्हणून आधी ठेका आणि मग बाकी सगळं. एबलटन लाइव्ह २००१ चं, मंचावर तुकडे हवे तसे जोडत वाजवणाऱ्यांनी घडवलेलं. त्यातल्या एका पडद्यावर काळाची रेषाच नाही, नुसत्या चौकटी, प्रत्येक चौकटीत एक फिरता तुकडा. लॉजिक विंडोजवर चालत नाही, त्यामुळे तिच्यापुरता तो प्रश्न मिटलेला होता.

तिनं दरम्यान २५ पट्ट्यांचा लहान मिडी कीबोर्ड घेतला होता. (६१ वरून २५ वर यायला तिला एकच वाक्य पुरलं: "त्यात आवाजच नसतो." मिडी ही १९८३ पासूनची पद्धत फक्त निरोप नेते: कुठली पट्टी, किती जोरात, कधी सोडली. आवाज संगणकातला. ती पियानो वाजवत नाही. एका हातानं चाल शोधायला दोन सप्तकं खूप झाली.) त्या कीबोर्डसोबत लाइव्ह लाइट ही लाइव्हची छोटी आवृत्ती आली होती. अनेक कीबोर्ड आणि इंटरफेससोबत ती येते आणि लोक तिची नोंदणीही करत नाहीत. तिनंही केली नव्हती. ती उघडून मी म्हटलं, "या चौकटींत तुझे तुकडे टाक."

अठरा दिवसांनी पहिलं गाणं आलं. तीन मिनिटं दहा सेकंद. शेवट थोडा घाईत उरकलाय, दुसऱ्या अंतऱ्यात गिटार जरा उतरलेली आहे. पण गाणं आहे.

छोट्या आवृत्तीत ट्रॅकच्या संख्येवर मर्यादा असते. तिसऱ्या गाण्याला तिनं पाठीमागच्या आवाजांचे सहा थर गायले आणि जागा संपली. मग ते सहा एका ट्रॅकवर उतरवले, चार ट्रॅकच्या टेपवर काम करणारे लोक करत तसंच. मोठी आवृत्ती घ्यावी का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, तुझं तू ठरव. एकदा तोंड भाजलं होतं.

काय घेतलं, काय राहिलं

सहा महिन्यांत नवीन आलेल्या वस्तू: तारेचे हेडफोन, २५ पट्ट्यांचा कीबोर्ड, एसएसडी, पॉप फिल्टर आणि चौथ्या महिन्यात दोन इनपुटचा इंटरफेस. इंटरफेसला कारण होतं. ती गाताना आणि वाजवताना एकत्र जास्त मोकळी असते आणि दोन्ही एकाच वेळी पण वेगळ्या ट्रॅकवर हवे होते. यूएसबी माइकला ते शक्य नाही. त्यासोबत एक साधा डायनॅमिक माइक, शुअर एसएम५७ च्या जातीचा, गिटारचा बारावा पडदा (फ्रेट) जिथं आहे त्याच्या समोर. आठ इनपुटचा विचार तिनं स्वतःच खोडला: "आठ जण माझ्या खोलीत मावणारच नाहीत." बाजूला ठेवलेल्या रकमेतली निम्म्याहून जास्त अजून तशीच आहे.

प्लगइनच्या संचाऐवजी मोजकी आणि रीतसर मोफत असलेली साधनं घेतली: व्हायटल आणि सर्ज एक्सटी हे सिंथ (संगणकातून सूर घडवणारी वाद्यं), यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स७ सिंथची तऱ्हा देणारं डेक्स्ड, इक्वलायझरसाठी (खालच्या-वरच्या सुरांचा तोल साधायला) टीडीआर नोव्हा, घुमाऱ्यासाठी व्हॅलहाला सुपरमॅसिव्ह. शेवटचं तिनं पहिल्या दोन गाण्यांत इतकं वापरलं की शब्द वाहून गेले. सगळेच करतात. ही साधनं व्हीएसटी प्रकारात मिळतात, म्हणजे उद्या तिनं क्यूबेस, एफएल किंवा पुन्हा रीपर उघडलं तरी सोबत येतील.

चार गाणी पूर्ण झाली आहेत. पाचवं अडलंय, पण शब्दांपाशी.

मागच्या आठवड्यात ती पुन्हा यादी घेऊन आली. या वेळी वहीच्या पानावर, हातानं लिहिलेली. मॉडेलचा रकाना उजवीकडं गेला होता आणि डावीकडं नवा रकाना आला होता: "काय ऐकू आलं, कितव्या गाण्यात." उघड्या पाठीच्या हेडफोनसमोर लिहिलं होतं, "स, श फार टोचतात, मिक्स करताना कळत नाही, गाणं १ आणि ३." मोठ्या आवृत्तीसमोर, "ट्रॅक संपले, गाणं ३ (भागलं)." मॉनिटरसमोर, "बेस गाडीत फुगतो, गाणं २, ३, ४."

तीन गाण्यांत तेच ऐकू येतंय म्हणजे आता त्यावर बोलायला हवं. रविवारी टेप घेऊन तिच्या घरी जायचंय; तिच्याकडे दुसरी एक खोली रिकामी होतेय, लांबट आहे म्हणते.